ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी : 'ग्रीफ' या एका नोंदीवरून परीक्षण

शब्दकोशाचं परीक्षण म्हटलं की आत शब्द किती, पानं किती, चित्रं किती हे आधी येतं. मला त्यावरून काही ठरवता येत नाही. मी एक शब्द धरते, तो कोशात काढते आणि त्या नोंदीने माझं काम पुढे सरकलं का ते बघते. या वेळी धरलेला शब्द 'ग्रीफ'. इंग्रजी-मराठी अनुवाद हा माझा पोटापाण्याचा धंदा. कोर्टाचे कागद, विम्याचे दावे, हॉस्पिटलची डिस्चार्ज कार्डं, परदेशातल्या कंपन्यांची पत्रं. या चारही ठिकाणी 'ग्रीफ' नाहीतर त्याच्या गोतावळ्यातला एखादा शब्द भेटतोच, आणि प्रत्येक ठिकाणी तो निराळा वागतो.

निकाल आधीच सांगते. इंग्रजी लिहायची वेळ ज्याच्यावर वारंवार येते त्याने हा कोश घ्यावा. नुसता अर्थ बघायचा असेल तर खिशातल्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशावर भागतं. पण दुःखाच्या शब्दांपाशी ते छोटे कोश उताणे पडतात. 'सॅडनेस' काढा, दुःख. 'सॉरो' काढा, दुःख. 'मिझरी', 'वो', 'ग्रीफ', सगळीकडे दुःख, आणि फार तर स्वल्पविराम देऊन शोक किंवा खेद. विद्यार्थ्याला वाटतं, पाचातला कुठलाही उचलला तरी चालेल. मग 'बस चुकली म्हणून मला ग्रीफ झालं' अशी वाक्यं उत्तरपत्रिकेत येतात. मराठीत आपण स्वतः असं कधी करत नाही. शेजाऱ्याचा मुलगा नापास झाला तर वाईट वाटतं, पीक हातचं गेलं तर हळहळ होते, संध्याकाळी उगाच उदास वाटतं, आणि घरातलं माणूस गेलं की जे होतं त्याला यातला एकही शब्द पुरत नाही. हा भेद आपल्याला आईच्या भाषेत आपोआप कळतो. परक्या भाषेत तो कुणीतरी दाखवावा लागतो, आणि या कोशाचं मोल तिथे आहे.

'ग्रीफ'ची नोंद छोटीच आहे. पहिला अर्थ : फार मोठं दुःख, विशेषतः कुणी वारल्यावर होणारं. या 'विशेषतः'साठी मी पैसे मोजले असं म्हटलं तरी चालेल. त्या एका शब्दाने 'ग्रीफ' 'सॅडनेस'पासून तोडला जातो. सॅडनेसला कारण लागेलच असं नाही, पावसाळी हवेनेही येतो. ग्रीफच्या मागे बहुतेक वेळा गमावलेलं माणूस उभं असतं. दुसरा अर्थ, दुःखाचं कारण : एखाद्या जोडप्याला मूल नाही याचं आयुष्यभराचं दुःख, अशा वाक्यात 'अ ग्रीफ' म्हणून येतो, म्हणजे इथे आधी 'अ' लागतं. तिसरा अर्थ बोलण्यातला, आणि त्यात दुःख जवळजवळ उरतच नाही : त्रास, कटकट, डोक्याला ताप. मुलाने आईबापांना फार ग्रीफ दिलं म्हणजे फार मनस्ताप दिला.

अर्थांपुढे कंसात बारीक अक्षरात व्याकरणाच्या खुणा असतात. मोजता येणारं नाम, न येणारं नाम. बहुतेकजण त्या वगळून पुढे जातात. वगळू नका. राणी एलिझाबेथ यांनी २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर जो संदेश पाठवला, त्यातलं एक वाक्य पुढे फार गाजलं : 'ग्रीफ इज द प्राइस वी पे फॉर लव्ह'. प्रेम केलं की शोकाच्या रूपाने त्याची किंमत चुकवावी लागते. तिथे ग्रीफच्या आधी 'अ' नाही, 'द' नाही. कुणा एकाचं, एका प्रसंगाचं दुःख नाही, सगळ्या माणसांचं आहे. तिथे 'अ' घातलं असतं तर वाक्य कोसळलं असतं. कोशातली ती एका अक्षराची खूण हेच सांगत असते.

अनेकवचनाचीही एक गोष्ट आहे. 'लीफ'चं 'लीव्ह्ज' होतं, 'थीफ'चं 'थीव्ह्ज' होतं, म्हणून मुलं 'ग्रीफ'चं 'ग्रीव्ह्ज' करतात. अनेकवचन 'ग्रीफ्स' आहे. 'ग्रीव्ह्ज' हे क्रियापद : तो शोक करतो, ती शोक करते. क्रियापदाची नोंद थोडीच खाली असल्यामुळे छापील पानावर दोन्ही एका नजरेत दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर हा शेजार मिळत नाही. छापील प्रत मी अजून टेबलावरून हलवली नाही, याचं हे एक कारण.

हा कोश असा का घडला हे त्याच्या जन्मकथेत आहे, आणि ती मला मनापासून आवडते. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानला शिकवायला गेले. जपानी मुलांना शब्दाचा अर्थ पाठ असायचा, पण तो वाक्यात बसवता यायचा नाही. कुठल्या क्रियापदामागे काय येतं, कुठल्या नामाला 'अ' लागतं, कुठे 'ओव्हर' आणि कुठे 'अॅट', हे त्या काळचे कोश सांगत नव्हते, कारण ते इंग्रजांसाठी लिहिलेले होते. हॉर्नबींनी ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड यांना सोबत घेऊन शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश केला. टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनाने तो १९४२ साली छापला. महायुद्ध पेटलेलं होतं, हॉर्नबींना त्याच वर्षी मायदेशी परतावं लागलं. पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. त्याची दहावी आवृत्ती २०२० साली आली. म्हणजे हे पुस्तक मुळात आपल्यासारख्यांसाठीच लिहिलेलं आहे, ज्यांना इंग्रजी घरात मिळालं नाही. अर्थ सांगताना सोपे, ठरावीक शब्द वापरायचे हा नियम आजही पाळलेला दिसतो. एक शब्द समजून घ्यायला आणखी चार शब्द काढावे लागत नाहीत.

नोंदीच्या तळाशी वाक्प्रचार आहेत, आणि माझ्या धंद्यात खरी कमाई तिथली आहे. फलटणकडचे एक ट्रकमालक विम्याचे कागद घेऊन आले होते. इंग्रजी अहवालात लिहिलं होतं की गाडी घाटात 'केम टू ग्रीफ'. भाषांतराच्या एका अॅपमधून त्यांनी आधीच मराठी काढून आणलं होतं : 'वाहन घाटामध्ये दुःखाला आले.' ते कागदावर बोट ठेवून मला म्हणाले, "ताई, गाडीला कसलं दुःख? गाडी उलटली. दुःख आम्हाला झालं." बरोबरच होतं त्यांचं. 'कम टू ग्रीफ' म्हणजे अपघात होणं, इजा होणं, किंवा एखादा बेत पार फसणं. कोशाने दोन्ही अर्थ वेगळे क्रमांक देऊन मांडले आहेत. अॅपने लिहिलेलं वाक्य दाव्याच्या फायलीत तसंच गेलं असतं तर वाचणाऱ्याला अपघात झाला की नाही हेच कळलं नसतं, आणि ज्याचं कर्ज त्या गाडीवर होतं त्याचे हप्ते तटले असते. मी 'घाटात गाडीला अपघात होऊन ती उलटली' असं लिहून दिलं.

'गिव्ह समबडी ग्रीफ' म्हणजे एखाद्याच्या मागे लागणं, बोल लावणं. ऑफिसातल्या ईमेलमध्ये हा हल्ली सर्रास दिसतो. बॉस ग्रीफ देतोय म्हणजे बॉस डोकं खातोय. इथे 'शोक' किंवा 'दुःख' लिहिणारा अनुवादक त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याला स्मशानातच नेऊन बसवतो. आणि 'गुड ग्रीफ!' तर निव्वळ उद्गार. आश्चर्य, वैताग, 'अरे देवा!'. देवाचं नाव थेट घ्यायला नको म्हणून इंग्रजीत 'गॉड'च्या जागी दुसराच शब्द घालायची जी जुनी रीत आहे त्यातला हा, 'गुड गॉड'चं 'गुड ग्रीफ'. चार्ल्स शुल्झ यांच्या पीनट्स या चित्रमालिकेतला चार्ली ब्राउन हे सतत म्हणतो, त्यामुळे ती चित्रं वाचत वाढलेल्यांना हा माहीत असतो. बाकीच्यांना 'चांगलं दुःख' हे काय प्रकरण आहे असा प्रश्न पडतो. कोशाने त्याला अनौपचारिक अशी खूण दिली आहे, म्हणजे शोकपत्रात याला जागा नाही. या खुणा मला अर्थांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. शब्द कुठे वापरू नये हे सांगणारा कोश माणसाची अब्रू राखतो.

आता कमतरता. माझी छापील प्रत नववी, २०१५ ची. तिच्यात 'ग्रीफ'चं कूळ दिलेलं नाही. ऑनलाइन नोंदीत ते आहे : जुन्या फ्रेंचमधल्या 'ग्रेव्हे' या क्रियापदावरून, म्हणजे ओझं घालणं. त्याच्याही मागे लॅटिन 'ग्रॅव्हिस', जड. आपला संस्कृत 'गुरु' जड या अर्थाने जो आहे, लघु-गुरूतला, तो आणि हा लॅटिन शब्द एकाच मुळाचे. मराठीतही मन जडच होतं, दुःखाचा डोंगरच कोसळतो, आणि रडून झालं की हलकं वाटतं. कूळ ही विद्वानांची चैन असते असं समजून छापील पानावरून ते गाळायला नको होतं, कारण कोर्टाच्या कागदात त्याचा रोजचा उपयोग आहे.

'ग्रीव्हस हर्ट' घ्या. भारतीय दंड संहितेत कलम ३२०, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११६. मराठीत जबर दुखापत. यात दुःखाचा लवलेश नाही, फक्त वजन आहे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, हाड किंवा दात मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, असे प्रकार कायद्याने मोजून दिले आहेत. नेहमीचे व्यवहार करता येऊ नयेत इतकी इजा हा त्यातला शेवटचा, आणि त्याची मुदत जुन्या कायद्यात वीस दिवस होती, नव्यात पंधरा. मूळ अर्थ 'जड' हे ठाऊक असलेल्याला 'ग्रीव्हस' कधी 'दुःखद' वाटणार नाही. उच्चार मात्र कोशात नक्की बघा. शिवाजीनगर कोर्टाच्या बाहेर टायपिंगच्या टेबलांवर आणि वकिलांच्या तोंडीही मी 'ग्रीव्हियस' ऐकते. त्यात मधला 'इ' नाही. ऑनलाइन पानावर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज आहेत, दाबलं की ऐकू येतात, आणि दोन्ही 'ग्रीव्हस' असंच म्हणतात.

'ग्रीव्हन्स' याच घरातला. ग्रीव्हन्स सेल म्हणजे तक्रार निवारण कक्ष. तक्रार म्हणजेही मनावर ठेवलेलं ओझंच, कुणीतरी अन्याय करून ठेवलेलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात 'अॅग्रीव्हड पर्सन' येते, तिला आपण रोजच्या बोलण्यात पीडित म्हणतो. कोश हे सगळे शब्द देतो, प्रत्येकाचा वापर नीट दाखवतो, पण ते एकमेकांचे कोण लागतात हे एका जागी सांगत नाही. मला ती गाठ स्वतः घालावी लागली.

दुसरी कमतरता माझ्या दृष्टीने मोठी आहे. 'ग्रीफ', 'सॉरो', 'मोर्निंग', 'बिरेव्हमेंट' यांची शेजारी शेजारी बसवून तुलना मला या नोंदीत हवी होती, ती मिळाली नाही. चार पानं उलटून मी ती जमवली. जमवल्यावर चित्र असं दिसतं. ग्रीफ आतला. मोर्निंग बाहेरचा, पाळायचा, म्हणजे आपला दुखवटा. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या तेव्हा केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, झेंडे अर्ध्यावर आले. त्या दुखवट्याला इंग्रजीत 'मोर्निंग'च म्हणतात, 'ग्रीफ' म्हणून चालत नाही, कारण सरकार दिवस ठरवू शकतं, मनातलं ठरवू शकत नाही. बिरेव्हमेंट म्हणजे माणूस गमावल्याची स्थिती, ऑफिसच्या रजेच्या अर्जात हाच शब्द लागतो. सॉरो ग्रीफपेक्षा संथ, लांबत जाणारा, आणि पुस्तकी वळणाचा. आपल्याकडच्या मुलांना नेमकी हीच गल्लत भोवते, तेव्हा पुढच्या आवृत्तीत एक चौकट याला जरूर द्यावी.

वैद्यकीय कागदांना मात्र हा कोश अपुरा आहे, आणि तिथे त्याच्यावर विसंबू नये. मानसोपचारात 'प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर' हे आता स्वतंत्र निदान आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकाच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ते आलं. त्यात मोठ्या माणसाच्या बाबतीत जवळची व्यक्ती जाऊन निदान बारा महिने झालेले असावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. डिस्चार्ज कार्डावर हे आलं की मी 'दीर्घकाळ टिकलेला शोकविकार' असं लिहिते आणि डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेते. 'फार दुःखी आहे' असं लिहून दिलं तर घरचे त्या माणसाला चार दिवस गावाला नेऊन आणतील आणि उपचार राहून जातील.

शोक हा शब्द मी सहज लिहिला, पण त्याचाही हिशोब ठेवावा लागतो. आपल्या रसविचारात करुण रसाचा स्थायीभाव शोक. अर्थाने ग्रीफला याच्याइतका जवळचा शब्द नाही. शोकसभा, शोकप्रस्ताव, शोकाकुल, सगळे चालतात. तरी 'मला शोक झाला' असं जिवंत मराठी माणूस म्हणत नाही. इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात काम करणारी सांगली जिल्ह्यातली एक नर्स तिकडेच वारली. तिथल्या लोकांनी तिच्या आईला पत्र पाठवलं, ते मराठीत करायला माझ्याकडे आलं. त्यात 'वुई शेअर युअर ग्रीफ' होतं. कोशातल्या उदाहरणांतून हे दिसतं की ग्रीफसोबत 'शेअर' सहज बसतो, तो त्यांचा रुळलेला प्रयोग आहे, खास भारदस्त काही नाही. म्हणून मी 'तुमच्या शोकात आम्ही वाटेकरी आहोत' असं न लिहिता 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असं लिहिलं. आपल्याकडेही तो तितकाच रुळलेला आहे. पुढच्या वाक्यात मात्र तीच युक्ती चालली नाही. त्यांनी लिहिलं होतं की तुम्हाला तुमच्या ग्रीफसाठी वेळ आणि मोकळीक मिळो. 'दुःखासाठी वेळ मिळो' हे मराठीत शाप दिल्यासारखं ऐकू येतं. मी 'मन मोकळं करायला तुम्हाला उसंत मिळो' असं केलं. त्या माउलींना वाचता येत नव्हतं. मी फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाळ, ते उसंतीचं परत वाच." मी परत वाचलं. पाहुणे येत होते, जात होते, दहाव्या-बाराव्याची धांदल होती, मृतदेह आणायचे कागद निघत होते, आणि त्या बाईंना रडायला खरोखरच उसंत मिळाली नव्हती.

हे वाक्य कुठल्याही कोशात तयार मिळणार नव्हतं. पण ग्रीफ हा इंग्रजीत माणसाला करू द्यायचा असतो, त्यातून जायचं असतं, त्याच्याशी हळूहळू जमवून घ्यायचं असतं, हे मला या कोशातल्या आणि त्याच्याच घराण्यातल्या कोलोकेशन्स डिक्शनरीतल्या सोबतीच्या शब्दांवरून कळलं होतं. शब्द कुणासोबत हिंडतो ते कळलं की आपल्या भाषेत त्याला कुठे बसवायचं ते सुचतं. अनुवाद करणाऱ्याने ती दुसरी डिक्शनरीही घ्यावी. नुसतं शिकणाऱ्याला गरज नाही.

उदाहरणांचं वळण ब्रिटिश आहे, बर्फाळ फुटपाथवर माणसं पडतात वगैरे. त्याची सवय होते. आपल्या इंग्रजीतले खास प्रयोग, 'माय फादर एक्स्पायर्ड' सारखे, इथे आपल्या पद्धतीने सापडत नाहीत, आणि परदेशी पत्र लिहिताना ते न वापरलेलेच बरे. छापील अक्षर बारीक आहे. चाळिशी लागलेल्यांना संध्याकाळी दिव्याखाली त्रास होईल. पुस्तक जड आहे, पिशवीतून कोर्टात न्यायचं काम नाही.

ऑनलाइन कोश फुकट आहे, मधे मधे जाहिराती येतात. उच्चार, कूळ आणि नव्या नोंदी यासाठी तो वापरा. छापील घ्यायची असेल तर अप्पा बळवंत चौकात घ्या, छापील किमतीवर सूट मिळते, आणि विकत घेण्याआधी दुकानातच 'ग्रीफ'चं पान उघडून अक्षर डोळ्यांना झेपतंय का ते पाहून घ्या. परीक्षेसाठी हवी असेल तर दहावी आवृत्ती. रोजच्या लिहिण्यासाठी जुन्या पुस्तकांच्या दुकानात सातवी किंवा आठवी धड अवस्थेत मिळाली तरी बिनधास्त घ्या, फक्त 'जी'ची पानं फाटलेली नाहीत एवढं तपासा.